आधी उलटा फिरवायचा

“आधी उलटा फिरवायचा.”

गुरुनाथरावांनी बोल्ट नंबरप्लेटच्या भोकात धरला आणि डावीकडे, म्हणजे उघडायच्या बाजूला, हळूच अर्धा वळसा दिला. गाडी राजीवची होती. तो शेजारीच उभा होता, पण मोबाइल कानाला लावून. म्हणून ते मला सांगत होते. मी धुतलेल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन लाँड्री रूममधून परत येत होते.

“उलटा कशाला हो? बसवायचाय ना?”

“बसवायचाच आहे की. उलटा फिरवताना एका जागी टक् करून खाली उतरतो, बघा. झालं? बोल्टाच्या आट्याला भोकातला आटा सापडला. आता सुलटा. आता नुसत्या बोटानं जातोय. पान्याचं काम शेवटी, पाव वळसा. पहिल्यापासनंच पाना लावला तर वाकडा घुसतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि चार महिन्यांनी प्लेट रस्त्यात.”

राजीवचा फोन संपला. “काका, दोन स्क्रू तर आहेत. इतकं काय, यार?”

“दोनच आहेत म्हणून तर,” गुरुनाथराव म्हणाले.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मग खिशातून फडकं काढून प्लेट पुसली, आणि दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे ना ते मान तिरकी करून बघितलं. माझ्या सासूबाई देवांचे टाक मांडून झाले की अगदी अशाच बघायच्या.

सांता क्लाराला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मराठी घरं बरीच. दोन हजार एक सालची नोकऱ्या जाण्याची लाट ओसरली आणि तगलेल्यांनी दोन वर्षांनी जरा श्वास सोडला. त्या उन्हाळ्यात एकामागून एक नव्या गाड्या आल्या. इथे नवी गाडी घेतली तरी नंबर लगेच हातात पडत नाही. दीड-दोन महिने शोरूमच्या नावाची कागदी पाटी मिरवत फिरायचं. मग एक दिवस टपालाने तपकिरी पाकीट येतं, त्यात पत्र्याच्या दोन प्लेटा, एक पुढची, एक मागची. बोल्ट मात्र नसतात. मग कुणी घरातले कसलेही स्क्रू लावतं, कुणी तारेने बांधतं. एकाने तर चक्क चिकटपट्टी लावलेली मी पाहिली होती. सगळे इंजिनियर बरं का.

गुरुनाथराव इंजिनियर नव्हते. सांगलीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर. बायको जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलाने, यतीनने, त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. यतीन आणि त्याची बायको नेत्रा सकाळी आठला बाहेर पडत, ते संध्याकाळी सातला येत. मधले अकरा तास हा माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून असायचा. मी त्याच इमारतीच्या समोरच्या बाजूला राहते. माझंही निराळं नव्हतं म्हणा. हे जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी निधी बॉस्टनला. दहा ते दोन मी एका पाळणाघरात जायची. बाकी वेळ माझे देव, माझे नेम आणि वाती. वाती वळताना मी गॅलरीत बसे आणि ते समोरच्या गॅलरीत बसत. दोघांच्या मध्ये खाली पार्किंग.

एका रविवारी यतीनने त्यांना हार्डवेअरच्या दुकानात नेलं आणि त्यांचं नशीबच उघडलं. येताना त्यांनी न गंजणारे बोल्ट आणले, वॉशर आणले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून त्या प्लेटेच्या मागे बसवायची युक्ती त्यांची स्वतःची. “पत्रा पत्र्यावर घासला की वाजतो. वाजला की ढिला होतो,” असं म्हणायचे. राजीवच्या गाडीनंतर लोक हाका मारायला लागले. काका, पाकीट आलंय. काका, जरा बघता का? त्या महिन्या-दीड महिन्यात नऊ गाड्या झाल्या. कुणी चहा देई, कुणी नुसतंच ‘थँक्यू काका’ म्हणून गाडी चालू करी. त्यांना दोन्ही चालायचं.

पण लावलं आणि संपलं असं त्यांचं नव्हतंच. रोज पहाटे, लोक कामाला निघायच्या आधी, ते खाली उतरत आणि आपण लावलेल्या प्रत्येक प्लेटेच्या बोल्टवरून बोट फिरवत. एकेका गाडीमागे वाकायचं, दोन बोल्ट, मग पुढे जायचं.

“रोज कशाला?” मी एकदा विचारलं.

“डेपोतली सवय, ताई. गाडी बाहेर पडायच्या आधी नटावरनं हात फिरवायचा. चौतीस वर्षं फिरवला. आता हात ऐकत नाही.” मग हसून म्हणाले, “तुमची तुळस कशी? काल पाणी घातलंय म्हणून आज घालत नाही असं होतं का?”

मला ते फार पटलं.

गणपतीच्या आधी यतीनने गाडी घेतली. निळी, लांबडी. गुरुनाथरावांच्या घराण्यातली पहिली नवी गाडी. त्यांनी स्वतः आयुष्यभर सायकल चालवली. मी जाऊन गाडीला हळदकुंकू वाहिलं, यतीनने चाकाखाली लिंबं ठेवली, नेत्राने पेढे वाटले. गुरुनाथरावांनी त्या कागदी पाटीवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, “ही काही खरी नव्हे. खरी आली की मी बसवणार. बोल्ट वेगळे काढून ठेवलेत.”

ते खरंच होतं. एका छोट्या डबीत चार बोल्ट, चार वॉशर, चार रबरी चकत्या, थेंबभर तेलात भिजवून. त्या डबीतला बोल्ट त्यांनी दुसऱ्या कुणाच्या गाडीला लावला नाही, अगदी एक कमी पडला तरी. रोज दुपारी तीनला टपालगाडी येई, तेव्हा ते किल्ली घेऊन पत्रपेट्यांपाशी उभे असत.

“आलं का?” मी विचारी.

“आज पण नाही.”

दरम्यान लाँड्री रूममध्ये एक सूचना लागली होती. गाड्यांच्या प्लेटांवरचे कर भरल्याच्या सालाचे स्टिकर कुणीतरी चोरतंय, संशयास्पद व्यक्ती दिसल्यास कळवा. मी ती वाचली. वाचून कपडे मशीनमध्ये टाकले आणि विसरून गेले.

आता मला माझ्या नेमाचं सांगायला हवं. चातुर्मासात मी सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत बोलत नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी सांगितलं म्हणून धरलेला नेम. एकतीस वर्षांत मोडला नव्हता. हे गेले ते वैशाखात, तेव्हाही मोडायची वेळ आली नाही.

सप्टेंबरातली सकाळ. मी तुळशीला पाणी घालत होते. खाली गुरुनाथराव आपली फेरी करत होते. शेवटची गाडी झाली, आणि परत फिरताना ते एका पांढऱ्या व्हॅनपाशी थांबले. ती आपल्यापैकी कुणाची नव्हती. तिची मागची प्लेट एका बोल्टवर लोंबत होती. ते वाकले. खिशातून पाना काढला. पलीकडच्या इमारतीत एक खिडकी उघडली आणि बंद झाली. त्यांनी व्हॅनची प्लेट सरळ केली, खिशातल्या सुट्या बोल्टांतला एक काढला, तो आधी उलटा फिरवला असणार, कारण त्यांना बराच वेळ लागला. पोलिसांची गाडी आली तेव्हा ते फडक्याने ती प्लेट पुसत होते.

तरुण पोलीस होता. त्याने काहीतरी विचारलं. गुरुनाथरावांनी हात जोडले, मग प्लेटेकडे बोट केलं. “लूज,” ते म्हणाले, “सर, लूज.” त्याने त्यांना हात दिसतील असे वर धरायला सांगितलं. त्यांनी वर धरले, एका हातात पाना तसाच. पोलीस तो खाली ठेवायला सांगतोय हे त्यांना कळेना.

मी दुसऱ्या मजल्यावर होते. एक वाक्य पुरलं असतं. माझं इंग्रजी काही मोठं नाही, पण तेवढं येतं. ओठांपर्यंत आलं, आणि मी मागे वळले. खरं सांगते, मी आत गेले आणि पूजा करायला लागले. पटकन आटपू आणि जाऊ, असं मनाशी म्हणत. देवांना पाणी घातलं, गंध लावलं, दिवा लावला, दुधाची वाटी दाखवली. हात घाई करत होते. नमस्कार केला आणि जिन्यावरून धावत गेले. दहा मिनिटं झाली असतील. फार तर दहा.

तोवर यतीनला खाली बोलावलं होतं. तो घरातल्या चड्डीवर, अनवाणी उभा होता आणि पोलिसाला सांगत होता, “ही इज ओल्ड, ऑफिसर. ही गेट्स कन्फ्यूज्ड. इट वोन्ट हॅपन अगेन.”

गुरुनाथरावांना इंग्रजी येत नाही असं सगळे धरून चालत. पण तेवढं त्यांना कळलं. मी त्यांच्याकडे बघत होते. पोलीस भला होता. हसून ‘हॅव अ गुड डे’ म्हणाला. पाना त्याने परत दिला, पण यतीनच्या हातात.

जिन्यात यतीन दबलेल्या आवाजात बोलत होता. “बाबा, माझं ग्रीन कार्डचं चाललंय. रेकॉर्डवर काही आलं तर? दोन वर्षांपूर्वी ते न्यूयॉर्कचं झाल्यापासून इथे आपल्याकडे कसे बघतात माहितीय तुम्हाला? कुणाच्या गाडीला हात लावायचा नसतो इथे!”

“ती पडणार होती रे.”

“पडू दे ना! तुम्हाला काय करायचंय? मला शब्द द्या, बाबा. कुठल्या गाडीला हात लावणार नाही.”

“बरं.”

“बरं नाही. शब्द.”

“दिला,” गुरुनाथराव म्हणाले. “कुठल्याच गाडीला नाही.”

यतीन घाबरला होता. त्याला मी दोष देत नाही. जो वरून बघत होता त्याला द्यायचा.

त्यानंतर ते पहाटे खाली उतरेनासे झाले. गॅलरीत मात्र त्याच वेळेला येऊन उभे राहत, दोन्ही हात पाठीशी धरून. तिकीट डिसेंबरचं होतं. त्यांनीच यतीनला सांगून दिवाळीच्या आधीचं करून घेतलं. सांगलीला मुलगी आहे, तिच्याकडे दिवाळी करतो म्हणाले.

“आणि प्लेट?” मी विचारलं. आम्ही पत्रपेट्यांपाशी उभे होतो. तिथे यायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

“येईल तेव्हा येईल.”

मला राहवेना. मी त्यांना त्या सकाळचं सांगितलं. मी वरून बघत होते, बोलू शकत होते आणि बोलले नाही, पूजा करत बसले, हे सगळं. ते ऐकत होते. किल्ली पेटीत घालून त्यांनी पेटी उघडली, आत बघितलं, बंद केली.

“मग नेम मोडला नाहीत ना?”

“नाही.”

“बरं केलंत. मोडला असता तर मला लागून राहिलं असतं.”

टोमणा असता तर मी सोसला असता. पण ते मनापासून म्हणाले होते.

पाकीट आलं गुरुवारी. विमान शनिवारचं. गुरुनाथरावांनी ते न फोडता नेत्राच्या देवघरातल्या फळीवर ठेवलं, त्याला कुंकवाचं बोट लावलं. संध्याकाळी यतीन आला तेव्हा त्याने फोडलं, प्लेटा उलट्यासुलट्या करून बघितल्या. मी भाजी द्यायला म्हणून गेले होते.

“मस्त नंबर आहे. बाबा, सोमवारी मी डीलरकडे जातोच आहे, ते लावून देतील. फ्री असतं.”

“बरं.” त्यांनी पाकिटाची घडी सरळ केली. डबी त्यांच्या खिशात होती. खिसा फुगलेला मला दिसत होता. यतीनला दिसला नाही, की दिसला, कोण जाणे.

शुक्रवारी रात्री मी सासूबाईंच्या फोटोसमोर बसले. काही मागितलं नाही.

शनिवारी सातला उजाडत होतं. मी झारी घेऊन गॅलरीत आले. खाली यतीन बॅगा डिकीत टाकत होता. नेत्रा थर्मास घेऊन उभी. गुरुनाथराव गाडीच्या मागे, त्या कागदी पाटीपासून हातभर अंतरावर, हात पाठीशी. शेवटची बॅग गेली. यतीनने डिकी लावली आणि किल्ली काढली.

“यतीन, थांब!”

माझा आवाज मलाच परका वाटला. सकाळच्या वेळी तो मी कितीतरी वर्षं चातुर्मासात ऐकला नव्हता. तिघांनी वर बघितलं. मी झारी तशीच टाकून खाली गेले.

“त्या प्लेटा आण वरून.”

“मावशी, आत्ता? फ्लाइटला—”

“विमान साडेअकराला आहे. मला माहितीय. दहा मिनिटं उशीर झाल्याने काय होतं ते मला विचार. आण.”

यतीनने पलीकडच्या इमारतीच्या खिडक्यांकडे बघितलं. मग वडलांकडे. मग वर गेला.

गुरुनाथराव माझ्याकडे बघत होते. “ताई, तुमची पूजा व्हायची होती.”

“हो.”

यतीन प्लेटा आणि पाना घेऊन आला आणि त्याने दोन्ही गुरुनाथरावांपुढे धरलं. “घ्या, बाबा. लावा.”

मला वाटलं, झालं. पण ते हात पाठीमागून पुढे आलेच नाहीत.

“मी शब्द दिलाय.”

“अहो बाबा, ते... ही आपली गाडी आहे!”

“कुठल्याच गाडीला नाही म्हणालो होतो. तू लाव. मी सांगतो.”

मग त्यांनी एक हात पुढे केला, तो फक्त खिशातली डबी काढायला. यतीनने ती उघडली. तेलातले बोल्ट, कापलेल्या चकत्या बघून तो जरासा थांबला. “हे कधी केलंत?”

“गाडी आली त्या दिवशी. आधी कागद काढ. चकती मागे, प्लेट पुढे. आता बोल्ट. पाना नको, पाना खाली ठेव.”

यतीन गुडघ्यावर बसला, विमानतळावर जायच्या चांगल्या पँटीत.

“आधी उलटा फिरवायचा.”

“उलटा?”

“फिरव. सावकाश. टक् होईल.”

आम्ही चौघंही ऐकत होतो. नेत्रा थर्मास छातीशी धरून वाकली होती. मला काही ऐकू आलं नाही, पण यतीनचा हात थांबला आणि त्याने मान वर केली.

“झालं,” तो म्हणाला.

“आता सुलटा.”

मागची प्लेट बसली. पुढचीला वेळ नव्हता. गुरुनाथराव दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून बघितली. एक हात उठला, बोल्टापर्यंत गेला आणि वीतभर अलीकडून परत आला. मला नमस्कार करून ते पुढच्या सीटवर बसले. काच खाली केली.

“ताई, पंधरा दिवसांनी एकदा बघाल? नवा बोल्ट बसताना जरा ढिला होतो.”

मी हो म्हटलं. गाडी वळेपर्यंत ती पांढरी प्लेट दिसत होती. मग वर आले. झारी आडवी पडून गॅलरीभर पाणी झालं होतं, ते पुसलं, आणि पूजा केली.

निधीला फोनवर सांगितलं, नेम मोडला म्हणून. “आई, इट्स ओके. हू इज काउंटिंग?” ती म्हणाली. तिला मीटिंग होती.

कार्तिकी द्वादशीला चातुर्मास संपला. आता सकाळी बोलायची मोकळीक होती. मी उठून अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. समोरची गॅलरी रिकामी होती. पंधरा दिवस होऊन एक-दोन दिवस वर झाले होते. मी पदर खोचून खाली उतरले.

थंडी सुरू झाली होती. सगळ्या गाड्यांवर दंव होतं, काचा पांढऱ्या झालेल्या. निळी गाडी आपल्या जागेवर उभी. पुढची प्लेटही यतीनने आता बसवली होती. मी मागे जाऊन वाकले आणि बोट पुढे केलं.

प्लेटेवरही दंव साचलं होतं, नंबर धुरकट दिसत होता. फक्त दोन्ही बोल्टांभोवती ते पुसलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं, गोल. मी पुढे जाऊन बघितलं. तिथेही तसंच.

मी हात मागे घेतला आणि वर आले.